अळीचं माहेर

११ सप्टेंबर २०१७

ग्रामपंचायतीत संगणक चालवायला लागून महिना झाला. संगणक कमी चालतो, लाइटच नसते. भोंगा मात्र बॅटरीवर चालतो, म्हणून माझं खरं काम भोंग्याचंच. सकाळी दहाला माइक लावायचा आणि आलेला कागद वाचायचा.

आज कृषी विभागाचा कागद होता. ग्रामसेवक साहेब म्हणाले, जसाच्या तसा वाच. वाचला. ‘सातत्याने एकपीक पद्धतीचा अवलंब केल्याने किडींचा प्रादुर्भाव वाढतो. शेतकरी बांधवांनी आंतरपीक घ्यावे व पिकांची फेरपालट करावी. फवारणी करताना संरक्षक किटचा वापर करावा.’ आवाज छान गेला असं माझं मलाच वाटलं.

थोड्या वेळानं फुलसिंगकाका आले. तांड्यावर राहतात, किसनरावांकडे सालदार आहेत, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबतात. दारातच उभं राहून म्हणाले, “पोरी, ते संरक्षक कीट कसं असते? अळीले खाणारा किडा भेटते का पंचायतीत?”

मला हसू आलं. मग सांगितलं, किडा नाही, चष्मा आणि तोंडावर बांधायचा मास्क आणि हातमोजे. ते कुठं मिळतात हे त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, येणार आहेत. कधी, ते साहेबांनाही माहीत नव्हतं.

जाताना त्यांनी दुसरा शब्द विचारला, एकपीक. मी म्हटलं, वावरात एकच पीक घेणं, वर्षानुवर्षं तेच. ते जरा वेळ बाहेर बघत राहिले. “म्हणजे कापूसच ना? मंग कापूसच म्हणा की. त्याले दुसरं नाव कायले?”

ऑफिसच्या खिडकीतून आमचं अख्खं शिवार दिसतं. मी पण बघितलं. नाल्यापासून टेकडीपर्यंत पऱ्हाटीच होती, कापसाचीच झाडं.

१३ सप्टेंबर

आईला विचारलं, ती लग्न होऊन आली तेव्हा आमच्या तीन एकरात काय काय होतं. ती भांडी घासता घासता सांगत गेली. ज्वारी, तूर, मधे मूग, बरबटीच्या शेंगा, धुऱ्याला म्हणजे बांधावर अंबाडी, कोपऱ्यात तीळ. वावरातून येताना ओटीत भाजी असायचीच. आता भाजी दिग्रसच्या बाजारातून येते.

बाबा जेवत होते. ते म्हणाले, तेव्हा कापूसही मूठभरच यायचा, ते कोणी सांगत नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू कागद वाच अन् घरी ये. शेतीच्या भानगडीत पडू नोको.”

मी विचारलं, माझा आवाज वावरात येतो का. म्हणाले, तिकडं काहीच ऐकू येत नाही. वाईट वाटलं थोडं. भोंग्याचं तोंड वळवायला सांगावं लागेल.

२६ सप्टेंबर

फुलसिंगकाका किसनरावांच्या नाल्याकाठच्या वावरात पडले. यंदा पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली आहे. पंपाचा फवारा वर मारायचा आणि तोच तोंडावर घ्यायचा. सकाळपासून मारत होते. दुपारी उलट्या सुरू झाल्या आणि दिसेनासं झालं. किसनरावांच्या जीपमधून आधी दिग्रसला नेलं, तिथून यवतमाळला. हंसाबाई, त्यांची बायको, घरच्या लुगड्यावर तशीच जीपमध्ये बसली.

पंचायतीत ते किट अजून आलेलं नाही.

१ ऑक्टोबर

एसटीनं यवतमाळला जाऊन आले. सरकारी दवाखान्यात वॉर्ड भरलेला होता, आणि निम्मे लोक फवारणीचेच. फुलसिंगकाका उशाला टेकून बसले होते. मी नमस्कार केला तर आवाजावरून ओळखलं. “भोंगेवाली पोरगी आली काय?” म्हणाले. डोळे माझ्याकडे होते पण माझ्या थोडे बाजूला बघत होते.

डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचला, नजर थोडी येईल, पहिल्यासारखी नाही. हंसाबाईनं मला चहा पाजला. मी नको म्हणत होते तरी.

परत येताना एसटीत ठरवलं. कोणाला कळत नाही असा शब्द मी यापुढे भोंग्यावर एकटा सोडणार नाही. त्याच्यासोबत आपला शब्द जाईल. नोकरी गेली तर गेली.

३ ऑक्टोबर

आज आधी कागद वाचला, जसाच्या तसा. मग म्हटलं, आता आपल्या बोलीत. “पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली असन तर फवारू नोका. वाऱ्याच्या उलट तोंड करून फवारू नोका. उपाशीपोटी तर बिलकुल नोका. अंगाले औषध लागलं तर कामधंदा सोडा अन् पह्यले आंघोळ करा.”

खाली हापशीवर बाया हसल्या, मला ऐकू आलं. साहेब बाहेर आले. त्यांचं म्हणणं, सरकारी कागदात घरची भाषा घुसवायची नाही, लोक पंचायतीला हसतील. मी म्हटलं, साहेब, तुमचा कागद मी पूर्ण वाचते, फक्त पुढं दोन वाक्यं बोलते. ते काही बोलले नाहीत. मी त्याला होकार समजले आहे.

संध्याकाळी किसनरावांनी निरोप पाठवला, फुलसिंगचं नाव भोंग्यावर घेऊ नको. मी घेतलंच नव्हतं.

२४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. फुलसिंगकाका घरी आले आहेत. उजेड दिसतो, माणसं सावलीसारखी दिसतात.

आज बाबांनी वावरातून पऱ्हाटीचं फूल आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. पाकळ्या उमलल्याच नव्हत्या, गुलाबाच्या कळीसारख्या एकमेकींत गुंडाळलेल्या. नखानं उकललं तर आत बारीक अळी. कागदात हा शब्द आला होता, डोमकळी. बाबा म्हणाले, “आपल्याकडे याले नावच नव्हतं. हे पह्यले कधी पाह्यलंच नाही.” मग बोंडं फोडली. वरून हिरवीगार, चांगली टणक, आत गुलाबी अळी आणि पिवळी पडलेली सरकी. ज्या बियाण्याला अळी लागतच नाही असं सगळे सांगत होते, त्याच बियाण्याची ही बोंडं.

उद्या भोंग्यावर डोमकळी सांगणार. तोडून खिशात टाका, जमिनीवर फेकू नका, घरी आणून जाळा.

हंसाबाई सांगत होती, तुझा बाप रोज दहाच्या सुमारास काम सोडून धुऱ्यावरच्या निंबाखाली जाऊन उभा राहते, कोणी हाक मारली तरी बोलत नाही. गुडघा पुन्हा दुखत असणार. दिग्रसहून तेल आणलं पाहिजे.

५ नोव्हेंबर

कापसाच्या बियाण्याच्या प्रत्येक पिशवीत एक छोटी पुडी येते. तिला सगळे रेफ्यूजी म्हणतात. का म्हणतात कोणाला माहीत नाही. कोणी फेकतं, कोणी बैलाला चारतं. आमच्या पुड्या माळ्यावर पडल्या आहेत.

कागदात तिला ‘आश्रय ओळी’ म्हटलंय. मी बाबांना समजावलं. ही साधी पऱ्हाटी, पिशवीतल्या बीटी बियाण्यात असतं तसं अळी मारणारं विष तिच्यात नाही. ती वावराच्या कडेनं लावायची. तिच्यावर ज्या अळ्या जगतात त्यांना विषाची सवय होत नाही, आणि त्यांचे पतंग बाकीच्या पतंगांत मिसळतात. सगळीकडे विषारी पऱ्हाटीच असली तर विष पचवणाऱ्याच अळ्या उरतात, आणि त्यांचीच पिढी वाढते.

“अळीसाठी वेगळं बी पेराचं?” बाबा म्हणाले. “चोरासाठी दार उघडं ठेवाचं अन् म्हणाचं, ये बापा, जेवून जाय?”

मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. ते उठून गेले.

१९ नोव्हेंबर

वेचलेला कापूस निम्मा कवडी निघाला, म्हणजे डागाळलेला, घट्ट, बोटांनी सुटत नाही असा. दिग्रसच्या जिनात त्याला कोणी हात लावत नाही.

ग्रामसभा झाली. तालुक्याहून कृषी सहायक आले होते. त्यांनी सांगितलं, डिसेंबर संपायच्या आत सगळी पऱ्हाटी उपटून टाका, फरदड घेऊ नका. फरदड आमच्याकडे सगळे घेतात. हंगाम संपला तरी पाणी देऊन तीच पऱ्हाटी मार्चपर्यंत ठेवायची आणि मागचा कापूस वेचायचा. सहायकांचं म्हणणं, त्या उभ्या पऱ्हाटीवर अळी उन्हाळ्यापर्यंत पोसली जाते आणि नव्या पेरणीवर उतरते. एकानं ठेवली तरी सगळ्यांच्या वावरात जाते. पतंगाला धुरा कळत नाही.

किसनराव शेवटी उठले. गावातली सगळ्यात मोठी शेती त्यांची, विहीर त्यांची. ते रागावले नव्हते, शांतपणे बोलले. “इतकं गेलं, आता जे येईन ते तरी येऊ द्या. माह्या विहिरीले पाणी आहे. मी फरदड घेतो.” ज्यांच्याकडे पाणी आहे त्या सगळ्यांनी माना हलवल्या. सभा संपली.

मी घरी येऊन जेवले नाही. रागानं नाही, विचार करत होते. त्यांना कसं सांगायचं ते मला येतं असं मला वाटतं.

२० नोव्हेंबर

आज कागद नव्हता. तरी माइक लावला.

“बायांनो, लक्ष द्या. फरदड म्हणजे अळीचं माहेर. सासरी तिची चार महिने पंचाईत. मंग तुम्ही तिले माहेरी आणता, पाणी पाजता, मार्चपर्यंत ठेवून घेता. ती तिथं बाळंत होते. अन् पाऊस पडला की सगळं लेंढार घेऊन तुमच्याच वावरात येते. हे माहेर मोडा.”

हापशीवर इतक्या जोरात हसल्या की साहेब पळत आले.

दुपारी कोकिळाकाकू ऑफिसात आल्या. किसनरावांच्या बायको, पंचायतीत कधी येत नाहीत. म्हणाल्या, “माहेर म्हटलं अन् मले हसू आलं. मंग घरी जाऊन सूपभर बोंडं फोडली. चांगलं एकही नाही निघालं.” त्यांनी ते सूप किसनरावांसमोर ठेवलं. ते बघून उठले आणि मोटर चालू करायला गेले, म्हणे.

४ डिसेंबर

बाबा उपटायला तयार नाहीत. आमच्याकडे पाणी नाही, तरी नाहीत. शेजारच्या विहिरीवरून एक पाळी मागू म्हणतात.

मी म्हटलं, बाबा, मी रोज साऱ्या गावाला सांगते, आणि आपल्याच घरची पऱ्हाटी उभी.

“हिरवं झाड मी उपटत नाही. त्याले फूल आहे अजून.”

“त्या फुलात अळी आहे.”

“असन. माह्या बापानं लोकांच्या वावरात जिंदगी घातली. मी हे तीन एकर केले. यातलं फुलातलं झाड मी आजपर्यंत उपटलं नाही.” मग म्हणाले, “तू म्हणतेस आश्रय, माहेर, सासर. बोलणं सोपं असते. आंघोळ करा म्हणतेस, उपाशीपोटी नोका म्हणतेस. हात लावून पाहा एकदा.”

नंतर लक्षात आलं, उपाशीपोटीचं मी घरी कधी बोललेच नव्हते. आईनं सांगितलं असेल.

मला त्यांचा राग येत नाही, हेच अवघड आहे.

७ डिसेंबर

काल सहा डिसेंबर. विहारात सगळे जमलो होतो, मेणबत्त्या लावल्या, शांत बसलो. आज सकाळी आई आणि मी वावरात गेलो. मी साहेबांना रजा सांगितली होती. भोंगा आज बंद.

लोखंडी चिमटा शेजारून मागून आणला. पहिलं झाड निघेना. यंदाचं खोड मनगटाएवढं. मी मधे धरून ओढत होते आणि साल निघून हातात येत होती. आई दुसऱ्या बाजूनं लागली. दोघींनी मिळून एक तास, म्हणजे पऱ्हाटीची एक ओळही धड झाली नाही, आणि माझे तळहात सोलले.

ऊन चढल्यावर बाबा आले. निंबाखाली उभे राहिले, गावाकडे तोंड करून. मग तासात आले. मी सरळ उभी राहिले. वाटलं आता चिमटा हिसकावतील.

“असं नाही,” ते म्हणाले. “बुडाशी धर. अन् हातानं नोको ओढू, अंगाचा भार टाक.”

चिमटा घेऊन त्यांनी एक झाड उपटून दाखवलं. त्याला पिवळं फूल होतं. ते त्यांनी आधी तोडून खिशात टाकलं, मग झाड आडवं केलं. मग पुढचं. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं उपटत राहिलो.

आईला पळाट्या, म्हणजे उपटलेल्या पऱ्हाटीची झाडं, चुलीसाठी घरी न्यायच्या होत्या, दरवर्षी नेतो. मी म्हटलं, त्यात अळी राहते. आई म्हणाली, मग स्वयंपाक कशावर करू, माझ्या बोलण्यावर? खरं आहे. शेवटी सुकल्यावर बोंडं झोडून वेगळी जाळायची आणि नुसत्या काड्या न्यायच्या असं ठरलं.

२१ डिसेंबर

कोरडवाहूवाल्यांची पऱ्हाटी निघाली. मग पाण्यावाल्यांचीही, एकेक करून. कोकिळाकाकूंनी घरामागचं वावर मजूर लावून मोकळं केलं आणि नवऱ्याला नंतर सांगितलं. आता किसनरावांचे नाल्याकाठचे सहा एकर उरले. जिथं फुलसिंगकाका पडले तेच.

आता लोक मला विचारतात, त्यांचं उभंच राहिलं तर आम्ही कशाला उपटलं? दोघांनी उपटणं थांबवलंय. साहेबांनी बजावलं, कोणाच्या खाजगी वावराबद्दल भोंग्यावर एक शब्द नको. मी दोनदा किसनरावांच्या घरी गेले. दोन्ही वेळा घरी नाहीत म्हणून सांगितलं. ओसरीवर चपला होत्या.

हरले असं आज पहिल्यांदा वाटलं. लिहून ठेवते म्हणजे मनातून निघेल.

२८ डिसेंबर

सकाळी हंसाबाई घरी आली. म्हणाली, “चल छोरी, किसनरावाकडे जायचं आहे. तू बोलू नोको. फक्त उभी राह्य.”

फुलसिंगकाका तिचा खांदा धरून मागून येत होते. किसनराव ओसरीवर होते, या वेळी आत जायला वेळच मिळाला नाही. त्यांनी घाईनं खुर्ची मागवली, फुलसिंगकाकांना बसवलं, कोकिळाकाकूंनी पाणी आणलं. किसनराव म्हणाले, दवाखान्याचं जे काही लागेल ते मी पाहीन, सालही चालू ठेवीन, काळजी करू नका.

“ते तुम्ही करसान, मले माहीत आहे,” हंसाबाई म्हणाली. “मी ते मागाले नाही आली. माह्या माणसाचे डोळे त्या वावरात गेले. ते वावर खाली करा.”

“त्याचा अन् याचा काय संबंध?”

“पुढच्या साली पुन्हा अळी येईन. पुन्हा कोणाले तरी पंप घेऊन आत पाठवसान. माहा मोठा पोरगा आता कामाचा झाला, त्यालेच पाठवसान. मी नाही पाठवू देणार. अन् दुसरीच्या पोरालेही नाही.”

गोठ्यात म्हैस दावं ओढत होती.

किसनराव म्हणाले, “तुह्या बकऱ्या किती आहेत?”

“तांड्याच्या साऱ्या मिळून पुष्कळ आहेत. पण औषधाच्या पाल्यात मी जनावर नाही घालणार.”

“औषध नाही त्यात.” ते खाली बघत होते. “हा पडला त्या दिवसापासून त्या वावरात पंप गेलाच नाही. मी कोणाले सांगितलंच नाही.”

फुलसिंगकाका म्हणाले, “मंग उद्या सकाळी आणतो, मालक. दव सुकलं की.”

घरी येऊन विचार करत बसले. न फवारता पऱ्हाटी उभी ठेवायची, त्यात किसनरावांना कसला फायदा होता, मला अजून समजलेलं नाही.

२९ डिसेंबर

सहा एकरात बकऱ्या शिरल्या. हिरवी बोंडं कुडुकुडु खाण्याचा आवाज धुऱ्यापर्यंत येत होता. मागून बाया चिमटे घेऊन. बाबाही होते. किसनराव दुपारपर्यंत धुऱ्यावर उभे होते, मग धोतर खोचून आत उतरले.

२२ जून २०१८

पेरण्या सुरू आहेत. सगळं गाव बदललं असं काही नाही. निम्म्याहून जास्त शिवारात कापूसच आहे, तो राहणारच. पण तुरीची तासं परत आली. आईनं बरबटी आणि अंबाडीचं बी हंसाबाईकडून आणलं, बदल्यात तीळ दिले. किसनरावांनी नाल्याकाठी ज्वारी पेरली, गावात कितीतरी वर्षांनी. पाखरं खातील म्हणून लोक त्यांना चिडवतात. ते म्हणतात, खाऊ द्या.

बाबांनी पिशवीतली रेफ्यूजीची पुडी फोडली आणि चारही कडांनी स्वतः टोबली. फुलसिंगकाका बांधलेल्या दोरीला एका हातानं धरून दुसऱ्या हातानं बी टाकत चालले होते. वाकडं जातंय का म्हणून अधूनमधून विचारत. वाकडं जात होतं. हंसाबाई म्हणाली, सरळ आहे, चाला.

२६ ऑक्टोबर २०१८

दसऱ्यानंतर वेचणी लागली. अळी आहे. नाही असं कोणीच म्हणणार नाही. पण मूठभर बोंडं फोडली की एखाद्यात निघते, सुपात सगळी किडकी असं नाही. बाबांचा पहिला कापूस पांढरा निघाला. किसनरावांची ज्वारी पाखरांनी खाऊनही निम्मी उरली, म्हणजे बरीच. पऱ्हाटी यंदाही डिसेंबरात उपटायची आहे. आतापासून मागे लागावं लागेल, लोक चांगल्या कापसानं लगेच विसरतात. मी विसरू देणार नाही.

आज नवा कागद आला. साहेबांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, आधी तुमच्या बोलीत सांगा, कागद मागाहून वाचला तरी चालेल. मी माइक लावला, दोनदा फुंकर मारली. खिडकीतून बघितलं. हापशीवर कोणी नाही, पारावर कोणी नाही, रस्त्यावर एक कुत्रं झोपलेलं. सगळे शिवारात, ज्याच्या त्याच्या तासात वाकलेले.

माइक बंद केला. ऑफिसला कडी घातली, कमरेला ओटी बांधली आणि वेचायला गेले.